सूप

डॉक्टरांनी तंबाखूची धूळ बंद सांगितली,
म्हणून आईला आम्ही जुळे सोलापुरात आणलं.
दुसरा मजला, लिफ्ट, हवा चांगली.
खोकला महिन्याभरात गेला.
झोपही गेली त्याच्याच मागोमाग.

बीपी एकशे सत्तर. गोळी बदलली.
एकशे बहात्तर.
मी आधी यंत्रावर संशय घेतला,
मग मिठावर, मग शेंगाचटणीवर.
आई म्हणाली, "नरसव्वाच्या सुनेला काय झालं रे,
मुलगा की मुलगी?"
मला नरसव्वाचा चेहराच आठवेना.

शेवटी स्कूटरवर बसवून साखर पेठेत नेलं.
ओट्यावर सात बायका, सात सुपं,
पानं कापणाऱ्या कात्र्यांची कुरकुर,
तेलुगूत एक भांडण, अर्ध्यावर आलेलं.
कुणी उठलं नाही.
"कशी आहेस" असंही कुणी विचारलं नाही.
राजव्वा खोकली, आणि फक्त थोडी सरकली.
तेवढ्या जागेत आई बसली,
निरी बसावी तशी, नीट.

"विडीला हात लावायचा नाही," मी बजावलं.
तिनं कुणाचं तरी रिकामं सूप मांडीवर ओढलं,
त्यात लसूण ओतला, सोलू लागली,
आणि भांडणात तिसरी बाजू घेतली.

आता मंगळवार-शुक्रवार नेतो.
वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस म्हणतो,
ती ऐकत नाही.
डॉक्टर विचारतात, गोळी कोणती चालू आहे?
मी जुनंच नाव सांगतो.

घरभर लसणाचा वास. नातू नाक मुरडतो.
रात्री ती झोपेत तेलुगूत कुणावर तरी ओरडते,
आणि कूस न बदलता
सकाळपर्यंत घोरते.