टिल्डाच्या मापाचा

गव्हाच्या कोठारामागे, पॉप्लरच्या रांगेत,
पंचवीस हिवाळे वाऱ्याला पाठ देऊन उभा होता तो.
स्कोगेनच्या लिलावात कुणी बोली लावेना
तेव्हा आर्डिसनं हात वर केला,
तोही नाक खाजवायला, असं ती अजून सांगते.
चारशे डॉलर. दोन्ही टायर मातीत रुजलेले.

शाळेच्या बस दुरुस्त करण्यात तिची हयात गेली.
यंत्राला आधी नाव विचारायचं, मग दुखणं,
ही तिची रीत.
नावाची पट्टी गेलेली. दाराशेजारी चार भोकं
आणि त्यांच्या मधोमध
ऊन न लागलेला एक लंबगोल.
जोडदांड्यावरचा रंग तिनं थरामागून थर खरवडला:
चंदेरी, शेवाळी, मग शाळेच्या बसचा चुलतभाऊ शोभेल असा पिवळा.
तळाशी लोखंड.
लोखंडावर एकही आकडा नाही.

मायनॉटहून ड्वेन हेगस्टाड आला,
छताचा बाक बघून कारखाना सांगणारा माणूस.
रिवेटांमधलं अंतर त्यानं बोटांनी मोजलं,
खिडकीची मूठ फिरवली, खाली आडवा पडून आस बघितला,
आणि गुडघे झाडत उठला.
"छत विस्कॉन्सिनचं वाटतं. खिडक्या इंडियानाच्या.
आस तर बीट वाहायच्या गाडीचा आहे.
बाई, याला बापच नाही."

नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
पण ट्रेलरचं विचारावं लागतं;
कुळावरच त्याची किंमत ठरते.
ड्वेननं कॉफी संपवली. किंमत सांगितली नाही.

मे महिन्यात तिनं भिंती उघडल्या.
उंदरांनी गादीच्या कापसाची वस्ती केली होती,
बर्चचं प्लायवूड ओल्या पावासारखं हातात येत होतं.
पलंगावरची फळी मात्र अख्खी निघाली,
आणि तिच्या पाठीला पेन्सिल.
सुताराची, जाड, चपटी.
एक आडवी रेघ, एक आकडा, दोन ओळी.
त्याखाली दुसऱ्याच हाताचे, कललेले दोन शब्द.
त्याखाली पुन्हा पहिला हात.

नॉर्वेजियन.
आर्डिसला त्या भाषेतले
खायचे आणि शिव्यांचे शब्द तेवढे येतात.
तिनं वृद्धाश्रमात बोर्गिल्डला फोन लावला,
एक एक अक्षर सांगत गेली, चष्मा पुसत,
"ओ, पण मध्ये तिरकी काट असलेला."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग एक्याण्णव वर्षांचं खोकल्यासारखं हसू:
"टिल्डा पाच फूट अर्धा इंच. पलंग इथवर पुरे.
खाली तिनं विचारलंय: आणि तू?
त्यानं लिहिलंय:
मी गुडघे मुडपीन."

कोण टिल्डा, बोर्गिल्डला माहीत नाही.
स्कोगेनांच्या घराण्यातही कुणाला माहीत नाही.

आर्डिस पाच फूट नऊ इंच.
नव्या पलंगाचा कागद तिनं आधीच काढून ठेवला होता,
सव्वासहा फुटांचा, वही ठेवायच्या कप्प्यासकट.
जूनभर तो कागद हत्यारांच्या पेटीखाली पडून राहिला.
तिनं छताच्या सांध्यांत नवी डांबरपट्टी भरली,
खिडक्यांच्या मुठी रॉकेलमध्ये बुडवून सोडवल्या,
दिव्यांच्या तारा पुन्हा ओढल्या, बसच्याच रंगांच्या,
हाताला सवय होती म्हणून.
फळी होती तिथेच लावली, पेन्सिल आत, भिंतीकडे.
पलंग होता तेवढाच.

नोंदणीच्या खिडकीवरच्या पोरानं विचारलं, कंपनी?
ती म्हणाली, नाही.
त्यानं रकान्यात टाइप केलं: घरगुती.
तिनं कागद उलटसुलट बघितला
आणि घडी घालून खिशात ठेवला.

पहिल्या रात्री डेव्हिल्स लेकच्या काठावर
ती कुशीवर निजली, पाय पोटाशी घेऊन.
वारा आला, ट्रेलर थोडा हलला.
डावा कोपरा अजून गळतो.
थेंब नेमका कुठून येतो
हे ती अंधारातच, बोटानं, शोधत राहिली.