अकराने भाग

तेर्सियोची कचेरी औषधांच्या दुकानावर.
मी जिना चढले तेव्हा माझ्याकडे एकच आकडा होता:
दोन हजार रेआल.
आदेनिल्सनला दर महिन्याला एवढे द्यायचे, कागदोपत्री,
शुक्रवारी संध्याकाळी सुटे मोजणं बंद.

तेर्सियो हसला नाही.
चष्मा पुसला, कागद आडवा धरला
(उभा पुरला नसता),
म्हणाला, ही चार आण्याची कोंबडी झाली, मार्लिझे.
आता मसाला लिहून घे.

दर महिन्याला आठ टक्के एका खात्यात,
तुला कधीच हात लावता यायचा नाही,
त्यालाही सहसा नाही, तू त्याला काढेपर्यंत.
वर्षाचे महिने बारा, पगार तेरा:
अर्धा नोव्हेंबरात, उरलेला नाताळच्या तोंडावर,
नेमका जेव्हा आपली गिऱ्हाइकं पुढच्या वर्षाचा वायदा करतात.
तीस दिवस रजा. पगारी. वर पगाराचा तिसरा हिस्सा,
कारण कायद्याला वाटतं, माणसाला समुद्रावर नुसतं पाठवू नये,
खिशात काही असावं.
तो तिकडे पाय भिजवेल,
इकडे सोफा पडून राहील, पोट फाडलेला, स्प्रिंगा बाहेर.
बसभाडं: पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत त्याचं, वरचं तुझं.
आणि काढलंस, तर खात्यात साठलेल्यावर चाळीस टक्के दंड.

काढीन कशाला? मी म्हटलं.

काढायचं म्हणून कोण ठेवतं?

मग त्याने बेरीज केली. बारा महिन्यांची.
आणि भागली अकराने.
अकराने का?
कारण अकराच महिने तो तुझ्या दुकानात खिळे मारणार.
तळाशी आला आकडा: अठ्ठावीसशेच्या वर.
तेर्सियोची स्वतःची फी त्यात नव्हती,
ती त्याने वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली, लाजत.

जिना उतरताना मी आकड्याच्या खुर्च्या केल्या,
मला तेवढंच गणित येतं.
वरचे आठशे म्हणजे दोन आरामखुर्च्या,
दर महिन्याला, कापडासकट,
ज्यांच्यावर कुणीच बसणार नाही.

फेब्रुवारीत मला एकूण पाच मिळाल्या होत्या.

दुकानाच्या दाराशी आईची खुर्ची आहे. विकायची नाही.
एकतीस वर्षं ती एका डॉक्टरांच्या घरी राबली,
त्यांची मुलं वाढवली, मग मुलांची मुलं.
तिचं निळं कामगार-पुस्तक आमच्या खणात पडून असायचं,
पहिल्या पानावर फोटो, वेणी घातलेला, अठरा वर्षांचा,
पुढची सगळी पानं कोरी.
गुडघे गेले तेव्हा त्यांनी तिला ही खुर्ची दिली, जुनी,
आणि टॅक्सीचे पैसे.
फार चांगली माणसं, असं ती अजून म्हणते.
खुर्ची उसवून मी हा धंदा शिकले.
आत घोड्याचे केस निघाले, गवत,
आणि कुणाचं तरी चांदीचं बटण.

गुडघ्यांच्या गोळ्या मी आणते.
अकराने भागलेला एक हिशेब तिचाही असेलच,
कुणी केला नाही, म्हणून फिटला नाही एवढंच.
माझ्या नावावर पडला.

आदेनिल्सन पाठमोरा होता, ओठांत पाच-सहा खिळे,
फोमचा भुगा केसांत, अंगावर, सगळीकडे.
कागदपत्रं आण उद्या, मी म्हटलं. रीतसर ठेवते तुला.
त्याने एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला,
शेवटचा निघेपर्यंत बोलला नाही.
मला वाटलं, आता रडतो की काय.

रीतसर म्हणजे, त्याने विचारलं,
कापून जाऊन हातात किती येतील?
शुक्रवारपेक्षा कमी?

तेर्सियोचा आडवा कागद माझ्या खिशात होता.
मी तो उलटसुलट पाहिला.
हे एवढंच त्यावर नव्हतं.