नऊ लिटर

पहाटे साडेतीनला मुलुंडच्या पुलाखाली
सायकल भिंतीला टेकवून सामान पुन्हा मोजलं:
मागच्या दोन पिशव्या, तंबू, दोन ट्यूबा,
पान्यांचा जुडगा, एक पातेलं, शेंगदाण्याची चिक्की
आणि नऊ लिटर पाणी.
ज्या शहरात दर फर्लांगावर चहाची टपरी
तिथं नऊ लिटर.
नियम तुझेच, विश्राम.
वाळवंट समजून निघायचं.
हॉटेलात शिरायचं नाही.
कुणी आधी बोललं तरच बोलायचं.

कांजूरच्या कारखान्यात, तुझ्या लेथच्या मागं
तू चिकटवलेला नकाशा आठवतो:
तांबड्या मातीचा देश,
एकशे चाळीस किलोमीटर एकही वळण नाही.
तू त्यावर ऑइलच्या बोटानं मुक्काम टाकायचास.
सात डाग. आठवा समुद्रात.
रजा, पोरींची लग्नं, मग कारखान्याचं कुलूप,
मग तुझ्या छातीवरची ती शिवण.

भांडुपच्या मिठागरात उजाडलं.
दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन,
कुठं गुलाबी, कुठं राखी,
एका चौकोनात अख्खा टॉवर उलटा उभा.
कुत्रंसुद्धा नाही.
चेनचा आवाज तेवढा,
आणि मागच्या मडगार्डाचा, जो तू म्हणालास
घट्ट करून घे, आणि मी घेतला नाही.

मधलं शहर मी मोजत नाही.

मार्व्याच्या धक्क्यावर सायकलचं तिकीट वेगळं पडतं.
तिकीटवाला तंबूकडं बघत राहिला.
"काश्मीर का?"
"मनोरी."
त्यानं सुटे पैसे परत देताना
माझ्या हाताला जरा जपून स्पर्श केला,
आजारी माणसाला करतात तसा.

खाडीपलीकडं गोराईच्या रस्त्याला
दुपारी बारा वाजता खरंच कुणी नसतं.
बांबूंवर बोंबील वाळत होते, जबडे उघडे.
तिवरांमागून ओहोटीचा वास.
आणि वारा समोरून, नाकावर हात ठेवून
मागं ढकलणारा.
ताशी सात. मग सहा.
डांबर मऊ. जीभ चामड्याची.
तू सांगायचास ना, डोकं खाली घाल,
फक्त पुढच्या चाकाची सावली बघ.
सावली बघत होतो
म्हणून काटा दिसला नाही.

पातेल्यात दीड लिटर ओतलं,
ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत बसलो.
चष्म्यावर घाम, दिसेना.
वाडीतून एक म्हातारी आली, लुगडं कासोट्याचं,
गळ्यात क्रूस, हातात मुळ्याची जुडी.
"पानी कशाला घालवतं? बाव हाय ना तिकरं."
ती आधी बोलली. म्हणजे चालतं.
मी सांगितलं, हे आमचंच पाणी, यासाठीच आणलेलं.
फिलोमिना मुर्झेलो उकिडवी बसली,
पातेल्यात हात घातला
आणि पहिल्या फटक्यात
बुडबुड्यावर अंगठा ठेवला.
"हा बघ. सुकव आता."
सोल्युशन वाळेपर्यंत दोघंही गप्प.
मग म्हणाली, "एकलाच?"
"दोघं," मी म्हणालो.
तिनं मान वळवली,
कपाळावर हात धरून रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं,
आणि काही न विचारता
दुसऱ्यासाठीही एक मुळा मोडून ठेवला.

शेवटच्या बोटीला तासभर होता.
धक्क्याच्या दगडावर बसून तुला फोन लावला.
किलोमीटर तू विचारले नाहीस.
गुडघाही नाही.
"पाणी किती उरलं?"
बाटल्या उजेडात धरून बघितल्या.
"चार. जरा जास्तच."
पलीकडं तू हिशेब केलास, ऐकू आलं मला,
तोंडातल्या तोंडात, लेथवर माप घेताना करायचास तसा.
"म्हणजे अजून एक दिवस निघेल."
तुझ्या घरात कुकरची शिट्टी झाली.
फोन न ठेवता तू गॅस बारीक करायला गेलास,
सपाता घासत, सावकाश.

मी थांबलो.
मुळा तिखट होता.