मुळाबरहुकूम

कोर्टनाक्याला झेरॉक्सच्या दुकानामागं,
सहा बाय आठच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी सातबारे इंग्रजीत नेले.
जन्मदाखले, लग्नाचे दाखले, मृत्युपत्रं,
कुणाला कॅनडाची घाई, कुणाला घटस्फोटाची.
पानाला दोनशे. शिक्क्याचे वेगळे.

मग पोरं येऊ लागली फोन पुढं करत:
मॅडम, झालंय सगळं, नुसतं बघा.
मी बघितलं.
पोटखराबा साडेतीन गुंठे.
यंत्रानं त्या जमिनीला जुलाब लावले होते.
सौ. यमुना म्हणजे शंभर यमुना.
कै. दामोदर यांच्यामागचा 'कै.' गाळून
त्यांना जिवंत करून
वारसांच्या रांगेत उभं केलेलं.
मी इतकी हसले की शेजारचे नोटरी गोडांबे
चहाचा ग्लास हातात घेऊनच बघायला आले.
ते हसू मला दोन वर्षं पुरलं.

तिसऱ्या वर्षी पोटखराबा बरोबर आला.
शंभर यमुनांची एक सौभाग्यवती झाली.
दामोदर गुपचूप वारले.
पानाचे चाळीस झाले,
'तुम्ही काय, नुसतं वाचताय.'
खरंच होतं ते. दुसऱ्यानं लाटलेल्या पोळीच्या
कडा तेवढ्या सारख्या करत होते.
घरी गॅस कंपनीला तक्रारीचं पत्र
मीसुद्धा त्याच्याकडूनच लिहून घेतलं.
हे गोडांबेंना सांगितलेलं नाही.

एक राहिलं, शिक्का.
यंत्राला कोर्टात बोलावता येत नाही.
चुकलं तर कुणाला धरायचं,
त्यासाठी लोक आता माझ्याकडं येतात.
'मुळाबरहुकूम', खाली सही, सुहासिनी टिपणीस.
भाषा त्याची, मान माझी.

मे महिन्यात, भर दुपारी,
चेंदणीहून चांगुणाबाई नाखवा आल्या.
पदरानं फोन पुसून टेबलावर ठेवला.
मुलगा बोटीवर. बोट कुठं? तर पाण्यात.
सून हायफाँगची, थुई. लग्नाला सहा महिने झाले,
अजून तिकडंच आहे.
दोघी रोज बोलतात.
एक बोलते, फोन ते उलटं करतो,
मग दुसरी बोलते.
कोळंबी कशी सोलायची इथवर मजल गेलीय.

कालचा निरोप त्यांनी दाखवला:
'आपण माझ्यावर नाराज आहात काय?
कृपया उत्तर कळवावे.'

'मना आपण कनाला म्हनते ती?
मी काय बँक हाय?'
आणि मग, आवाज खाली घेऊन,
'राग धरलाय का तिनी?'

मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही.
मुळातल्या ओळीत अक्षरांच्या डोक्यावर
बारीक टोप्या, काटे, खाली ठिपके,
काट्याकाट्यांची मासळी नुसती.
त्यात 'आपण' कुठं होतं?
होतं तरी का?
दारातून गोडांबे म्हणाले,
आहे तसं द्या, तुम्ही कशाला मधे.

मी कोरा कागद घेतला.
लिहिलं,
'आये, तू रागावलीस का माझ्यावर? सांग ना.'
खाली शिक्का मारला. मुळाबरहुकूम.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मूळ न वाचता.

त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
कागदाच्या चार घड्या केल्या,
कंबरेच्या पिशवीत खोचल्या.
किती झाले? म्हटलं, चाळीस.
त्यांनी पन्नास ठेवले,
वर सुक्या बोंबलांची पुडी,
जिचा वास त्या आठवड्यात
तीन दाखल्यांना आणि एका मृत्युपत्राला लागला.

मग माझ्यासमोरच फोन तोंडाशी धरून
खाडीपलीकडं हाक मारावी तशा ओरडल्या:
'नाय गो बाय, कनचा राग!'

फोन थबकला.
पडद्यावर गोल फिरत राहिला.
तिला काय म्हणाला, कुणास ठाऊक.