टॉवेल सोबत आणू नयेत

उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाळी.
भूमध्य सागरी हवामान, हमखास दोन मार्कांना.
पाठ केलं होतं मी अशोक चौकातल्या खोलीत,
आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची
आणि पानांवर पाणी शिंपडायचं काम माझं.
समुद्र पाहिला नव्हता.
अजूनही नाही.

आज चव्वेचाळीस पॉइंट दोन.
खिडकीला ओली चादर, कुलरला वीज नाही,
नळाला पाणी परवा येणार, म्हणजे बहुतेक तेरवा.
राजेशम बनियनवर बसलाय फरशीवर
आणि मोबाइलमध्ये क्रीट नावाच्या बेटाचं तापमान बघतोय.
"एकोणतीस," म्हणतो. मग थोड्या वेळाने पुन्हा,
कुणी उसने मागायला आल्यासारखं हळू,
"एकोणतीस गं."

पैसे त्याच्या फंडाचे. बत्तीस वर्षं मागावर फिटर.
मुलगा म्हणाला, घर रंगवू नका, कुठंतरी जाऊन या.
कुठंतरी म्हणजे त्याच्या मते तिरुपती.
मी म्हटलं, पिरेयस.

कारण एकवीस वर्षं पॅकिंगला होते मी,
खोक्यांवर ब्रशने बंदरं रंगवायची:
पिरेयस, व्हॅलेन्सिया, मार्सेय.
टॉवेल सत्तर बाय एकशेचाळीस, पाचशे ग्रॅमचे,
पांढरे, निळ्या काठाचे, हॉटेलचं नाव विणलेले.
ते सगळे गेले.
आमच्या घरात वापरायला दुसऱ्या प्रतीचे, 
काठ तिरका गेलेले.

नव्या पेठेतला इरण्णा बिराजदार, तिकिटांचा माणूस,
फॅनखाली कागद दाबून धरत सांगतो:
जुलै-ऑगस्ट नको मावशी, तिकडं फार ऊन.
किती फार?
अडतीस. लोकं चक्कर येऊन पडतात,
सरकार सुट्ट्या देतं.
राजेशम माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
दुकानाबाहेर रिक्षावाला हँडलवर ओला रुमाल टाकून झोपलाय.
आम्ही हसत नाही. इरण्णाला वाईट वाटेल.

शिवाय ऑगस्टात एक वारा सुटतो म्हणे, मेल्टेमी,
बोटी दोन-दोन दिवस धक्क्यावर बांधून ठेवतात.
सप्टेंबर अखेर जा. पाणी तेव्हाही कोमट,
गर्दी उतरलेली, खोल्या निम्म्या भावात.
मी वहीत लिहून घेते:
टोपी. औषधं. कडक भाकरी पंचवीस, चटणी घट्ट डब्यात.
दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये
(हे लिहायची गरज नव्हती).

रात्री गच्चीवर. पत्रा अजून तापलेला,
तांब्यातलं पाणीसुद्धा झोपेना.
"समुद्राचा आवाज असतो ना मोठा?" तो विचारतो.
उजवा कान गेलाय त्याचा, डावा निम्मा.
मी काय सांगणार, मीही खोक्यावरच पाहिलेला.
म्हटलं, तिसऱ्या पाळीला अचानक लाइट जायची बघ,
दोनशे माग एका दमात बंद,
आणि मग कानात जे उरायचं, शूंऽऽ,
तसा असेल.
"मग ऐकू येईल," म्हणाला,
आणि कुशीवर वळला.

आज हॉटेलची सूचनांची यादी आली.
इरण्णाने मराठी करून वाचली.
ओल्या पायांनी जिन्यात येऊ नये.
खोली अकराला सोडावी.
टॉवेल सोबत आणू नयेत,
किनाऱ्यासाठी निळ्या काठाचे वेगळे मिळतील.

राजेशम बराच वेळ गप्प.
मग शर्टाच्या खिशातून काढली त्याने
ती बोटभर कात्री, सुटा धागा तोडायची,
रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी खिशातच असते,
टेबलावर ठेवली आणि इरण्णाला म्हणाला:

एवढी चालते का विमानात,
तेवढं विचारून ठेव.