वाचनयादी : सर्जेराव लोहारांसाठी

सर्जेराव, यादी लिहून ठेवलीय
पावतीच्या कोऱ्या बाजूला. अक्षर लागलं नाही तर विचारा.

त्या दिवशी उद्यमनगरातून थेट आलात,
बोटांच्या रेघांत लेथचं काळं तेल,
आणि काउंटरवर ठेवलंत ते चांदीचं पदक.
गुजरीत मोडायला नेलं होतं, म्हणालात;
सराफानं भिंग लावून कड वाचली
आणि तागडीत न घालताच परत दिलं.
कडेवर भैरू. नुसतं भैरू आणि एक नंबर.
सोबत घडीवर फाटलेलं चिठोरं,
त्यात इंग्रजीत दोनच शब्द लागतात :
वेल्श डिव्हिजन.

"वेल्श म्हंजे काय ओ? गोरंच की?"
गोरंच. पण इंग्रज म्हटलं तर रागावणारं.

तर आधी ते बारकं, हिरव्या पुठ्ठ्याचं वाचा.
कोळशाच्या खाणीतली पोरं आहेत त्यात,
घरात एक भाषा, कवायतीला दुसरी.
पहिली तीन प्रकरणं सोडलीत तरी चालेल,
तिथं नुसते साहेब लोक जेवतायत.
चौथ्यात एक जण आईला आपल्या बोलीत पत्र लिहितो
आणि ते तपासणाऱ्या साहेबाला एक अक्षर कळत नाही.
तिथं थांबा. चहा घ्या.
भैरूनं मुन्शीकडून लिहवून घेतलेलं पत्र
कापशीत कुणी वाचून दाखवलं असेल,
किती गाळून,
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

मग ते दोन खंड. घरी न्यायला परवानगी नाही;
गुरुवारी या, गर्दी नसते.
पहिला खंड राहू दे. त्यात ते समुद्रकाठच्या टेकड्यांवर मरतात,
भैरू तेव्हा गावातच बैलांना पत्र्या मारत होता.
दुसऱ्यात गाझा आहे. सावकाश वाचा,
ते नाव रोज ऐकून ऐकून
डोळे आपोआप पुढं सरकतात.
नकाशे घडीचे आहेत, दोन्ही हातांनी उघडा.

अठरा सालचा उन्हाळा,
पान दोनशे अकरा, खालून सहावी ओळ :
बऱ्याचशा वेल्श पलटणी फ्रान्सला गेल्या,
त्यांच्या जागी हिंदी पलटणी आल्या.
बस्स. पुढचं वाक्य हवामानाचं.
डिव्हिजनचं नाव वेल्शच राहिलं,
पाटी जुन्या मालकाची
आणि भट्टीवर दुसराच, तसं.

मागची सूची तीनदा पाहिली.
कर्नल आहेत. एका कर्नलचा कुत्रा आहे.

तिसरं एक चांगलं होतं,
एकोणीसच्या महापुरात शाहूपुरीच्या गोदामात भिजलं.
वाळवलं, तर पानं एकमेकांना सोडेनात.
ते यादीत धरू नका.

*

(त्याच पावतीवर, दुसऱ्या शाईनं)

गुरुवारी आलात.
कॉटन वेस्टनं हात तीनदा पुसलेत,
तरी पानाला टोकाशी, चिमटीत धरत होतात,
तापलेला जॉब धरावा तसं.
ती सहावी ओळ मी वाचून दाखवली, अर्थ सांगितला.
तुम्ही म्हणालात, "हां."
मग विचारलंत, "घोडी किती हुती त्यांच्याकडं?"

परिशिष्ट तीन. घोडी आणि खेचरं मिळून
पाच हजार तीनशे वीस.
तुम्ही खिशातून खडू काढलात, फळी नाही म्हणून
माझ्या टेबलाच्या काचेवर गुणाकार मांडलात :
एकवीस हजार दोनशे ऐंशी नाला.
एका नालेला सात खिळे धरले तर
दीड लाखाला हजारभर कमी.
"एकट्यानं न्हाई मारलं त्यानं," म्हणालात,
"पर ह्यातलं काय काय त्याचंच की."

आणि बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलात,
आमच्या पुस्तकातलं
पहिल्यांदाच काहीतरी नीट बसल्यासारखं.

तुम्ही गेल्यावर खंड कपाटात ठेवताना दिसलं :
पान दोनशे अकरा, खालून सहाव्या ओळीशेजारी
अंगठ्याचा काळा ठसा, रेघन् रेघ उठलेली.
नियमानं वीस रुपये दंड.
नोंदवहीत लिहिलं :
तेलाचा डाग. जुना आहे.