साठावरची रेघ

कोयाइके. जुलै. रात्रीचे दोन.
नेलिदाच्या पडद्यावर
साठ या आकड्यापाशी रेघ ताडकन उभी :
जळत्या लाकडातली साखर.
पोटॅशियम थोडं, सल्फेट नावाला.

यंत्र हवेचा घोट घेतं,
कण फोडतं, तोलतं,
कुणाचंही नाव मात्र घेत नाही.

खाली गावात
कुणीतरी शेगडीत ओलं लेंगा सारलंय.
वारा पडलेला. धूर दरीतच
अंगावर ओढून घेऊन झोपलंय अख्खं गाव.

ती नोंद करते : लाकूडधूर, एकाहत्तर टक्के.
मग पेन ठेवून
स्वेटरची बाही हुंगते.

बाबांना पहाटेचा गारठा सोसत नाही.
निघताना तिनेच तर
दोन ओंडके जास्तीचे ठेवले होते
बिडाच्या शेगडीपाशी.

वाळलेले संपले होते.